उपासनेची भाषा आणि उपासनेची चाल

ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासावर लिहावयास बसलेल्या मनुष्याने आरंभ रिद्धपुरापासून करावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु मोर्शीसारख्या गावी बसून हा विषय चाळू लागले म्हणजे, संत्र्याच्या बागांच्या पलीकडे याच तालुक्यात असलेले ते महानुभावांचे क्षेत्र डोळ्यांआड करता येत नाही. देवाचे नाव ज्ञात्यांच्या भाषेत घ्यावे की अज्ञजनांच्या, या प्रश्नाचा निकाल येथे तेराव्या शतकातच लागला होता. गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात याच गावी म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळवाजुळव केली, महदाइसेचे धवळे येथेच गाइले गेले. आणि पंथातील एका पंडिताने संस्कृतात लिहिण्याचा मनसुबा केला तेव्हा, त्यायोगे पंथातल्या साध्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील असे सांगून नागदेवाचार्यांनी तो मोडून काढला, अशी स्मृतिस्थळातील कथा मराठी वाचकास पाठ असते. त्याच पंथाने पुढे आपली ही मराठी पोथी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत कुलूपबंद करून शतकानुशतके बाहेरच्यांच्या नजरेआड ठेवली, हा भागही त्या कथेस जोडून सांगावयास हवा. लोकभाषेचा स्वीकार ही एकदाच करून मोकळे होण्याची गोष्ट नसते, हे यावरून कळते; आणि युरोपातील धर्मसुधारणेनंतरच्या साडेचारशे-पाचशे वर्षांत ख्रिस्ती उपासनेचे जे झाले, विशेषतः मराठी मुलखात झाले, ते समजून घेण्यास हा दाखला हाताशी असलेला बरा.

मार्टिन ल्यूथरने १५१७ च्या ऑक्टोबरात विटेनबर्ग येथे पापक्षमापत्रांविरुद्ध आपले सिद्धांत मांडले, तेव्हा उपासनापद्धती बदलण्याचा विचार त्याच्या मनात असल्याचे दिसत नाही. त्यानंतर सहा वर्षांनी, १५२३ साली, त्याने मिस्सेची, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेची, जी सुधारित पद्धत लिहिली तीही लॅटिनमध्येच होती. जर्मन भाषेतील मिस्सा प्रसिद्ध व्हावयास १५२६ साल उजाडले. एवढा क्रांतिकारक पुरुष या एका बाबतीत इतका सावकाश का चालला, याचे त्याने स्वतः दिलेले कारण माझ्या मते या सबंध इतिहासाची किल्ली आहे. लॅटिन शब्दांच्या जागी जर्मन शब्द घालणे सोपे आहे. परंतु चाल, स्वराघात आणि म्हणण्याची ढब हीही मातृभाषेतूनच उगवली पाहिजेत, नाही तर ती सारी माकडांची नक्कल होईल, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. भाषांतरकार पुष्कळ मिळतात, चालीची जाण असणारा विरळा, हे त्या संगीतप्रेमी संन्याशाने ओळखले होते, आणि म्हणूनच १५२४ पासून त्याने व त्याच्या सोबत्यांनी लोकांच्या ओठांवरच्या वळणाची जर्मन स्तोत्रे रचून छापण्याचा सपाटा लावला. मंडळीने नुसते ऐकू नये, गावे. आणि गावे ते आपल्याच गळ्याने. धर्मसुधारणेने उपासनेला जे काही दिले त्यात याहून मोठे मला काही दिसत नाही.

परंतु धर्मसुधारणा म्हणून जी एकच गोष्ट आपण समजतो ती वस्तुतः चार-पाच परस्परविरोधी गोष्टींचे एकत्र घेतलेले नाव आहे. झुरिक येथे झ्विंग्लीने १५२५ साली मिस्सा बंद करून तिच्या जागी वर्षातून चार वेळा होणारे साधे प्रभुभोजन ठेवले, आणि स्वतः उत्तम वादक असूनही उपासनेतून संगीत हद्दपार केले. दोन वर्षांनी तिथल्या मुख्य देवळातील ऑर्गन फोडून टाकण्यात आला. जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने गायन ठेवले, पण दाविदाची स्तोत्रे तेवढी, तीही एका स्वरात व वाद्याविना. १५६२ साली दीडशेही स्तोत्रांचे छंदोबद्ध फ्रेंच पुस्तक पुरे झाले. प्रभुभोजन दर आठवड्याला व्हावे ही त्याची इच्छा मात्र नगरसभेने मान्य केली नाही, त्यामुळे वर्षातून चारदाचा पायंडा तेथेही पडला. इंग्लंडात आर्चबिशप क्रॅन्मर याने १५४९ साली सबंध राज्यासाठी एकच इंग्रजी प्रार्थनापुस्तक सिद्ध केले आणि कायद्याने ते प्रत्येक देवळावर बंधनकारक झाले. त्याच वर्षी पश्चिमेकडील कॉर्नवॉल परगण्यातील रयतेने त्याविरुद्ध बंड पुकारले, आणि त्यांच्या तक्रारीत एक कलम असे होते की, आमच्यातील कित्येकांना इंग्रजी येतच नाही. दरबारच्या दृष्टीने जी लोकभाषा, ती त्या लोकांना लॅटिनइतकीच परकी होती. शिपायांकरवी बंड मोडण्यात आले. हा प्रसंग वाचताना मला मेळघाट आठवतो. कारण तेथील कोरकूंची बोली मराठीच्या कुळातलीच नव्हे, ती मुंडा कुळातली आहे, आणि त्यांना मराठीत किंवा हिंदीत प्रार्थना शिकविणारा मनुष्य आपण लोकभाषेत उपासना नेली असे म्हणू लागला तर त्याला कॉर्नवॉलचे उत्तर मिळेल. त्या डोंगरात काम करणाऱ्या जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ साली कोरकू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, त्याचे मोल या कारणाने व्याकरणाहून अधिक आहे.

रोमन पक्षाने या सगळ्यास ट्रेंट येथील धर्मसभेत उत्तर दिले. १५६२ साली सभेने ठरविले की मिस्सा सर्वत्र देशभाषेत करणे इष्ट नव्हे, मात्र पाळकांनी तिचा अर्थ लोकांस समजावून द्यावा. आणि १५७० साली पोप पाचव्या पायसच्या आज्ञेने जो मिस्साग्रंथ निघाला तो किरकोळ फेरफारांनिशी चारशे वर्षे जगभर लागू राहिला. येथून पुढे सरळ तर्काने असे अनुमान निघेल की, ज्या मराठी मुलखात रोमन धर्मोपदेशक गेले तेथील उपासना परकी राहिली असेल, आणि जेथे धर्मसुधारणेचे वारस गेले तेथे ती देशी झाली असेल. घडले ते जवळजवळ उलट. मराठी ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासातील हा विरोधाभास पुरता उलगडून पाहण्यासारखा आहे.

१५४९ च्या सुमारास, म्हणजे क्रॅन्मरचे पुस्तक निघाले त्याच वेळी, इंग्लंडात जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जुन्या धर्माला चिकटून राहिल्यामुळे देशत्याग करून रोमला गेला, जेझुइट झाला, आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. ज्या मनुष्याने आपल्या मायदेशात देशभाषेतील उपासनेचा अंमल नाकारला, त्याच मनुष्याने साष्टीच्या खेड्यांत चाळीस वर्षे घालवून मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचले. १६१६ साली राचोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्र्याला विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे आता वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी श्रवण करावयास काही द्या; आणि हे मागणे अतिशय खरे आहे, कारण लोकांचा देव बदलता येतो, पण रविवारच्या दुपारी एकत्र बसून कोणी तरी वाचावे व आपण ऐकावे ही सवय बदलता येत नाही. वेदीवर मिस्सा लॅटिनमध्ये होई. ती आटोपल्यावर रविवारी आणि सणावारी हे पुराण लोकांत वाचले जाई. उपासनेच्या उंबऱ्याच्या आत लॅटिन आणि उंबऱ्याच्या बाहेर ओवी, अशी ती वाटणी होती. तथापि खेडुताच्या स्मरणात काय राहत असेल याविषयी मला शंका नाही. स्टीफन्सने मराठीची जी थोरवी गायिली ती सर्वश्रुत आहे. मला त्याहून अधिक महत्त्वाचे हे वाटते की त्याने आपल्या आशयाला इटालियन वा इंग्रजी वृत्त चढविले नाही, ज्ञानदेव-एकनाथांची ओवी जशीच्या तशी घेतली. ल्यूथरची अट एका जेझुइटाने पाळली, असेच म्हणावे लागते. पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयाने देशी भाषांविरुद्ध फर्मान काढून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम केला, आणि त्या प्रवाहाला बांध पडला.

वसई प्रांतातील पोर्तुगीज देवळे तर १७३९ साली चिमाजी आप्पांच्या विजयाने उघडीच पडली. त्या देवळांच्या घंटा मराठी सरदारांनी उचलून आणल्या आणि त्या भीमाशंकरास, नाशिकच्या नारोशंकरास, मेणवलीस टांगल्या गेल्या. ख्रिस्ती उपासनेचे एक उपकरण शिवालयात इतक्या सहजपणे रुजू झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

धर्मसुधारणेचे वारस मराठी मुलखात आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि आले ते प्रत्येकजण युरोपातले आपले जुने भांडण पडशीत घेऊन आले. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मंडळीशासनवादी होते, म्हणजे छापील प्रार्थनेपेक्षा अंतःकरणातून स्फुरलेली प्रार्थना श्रेष्ठ मानणाऱ्यांपैकी. १८२९ साली आलेले जॉन विल्सन आणि पुढे १८४५ पासून नागपुरात राहिलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या परंपरेतले. १६३७ साली एडिंबरोच्या मुख्य देवळात इंग्रजी धर्तीचे प्रार्थनापुस्तक उघडताच जिथे दंगल उसळली, त्या परंपरेत वाद्याविना दाविदाची स्तोत्रे गाणे हाच कित्येक पिढ्यांचा शिरस्ता. इंग्लंडच्या राजमान्य मंडळीचे लोक मात्र क्रॅन्मरचे पुस्तक, १६६२ साली अखेरचे ठरले त्या स्वरूपात, मराठीत उतरवून घेऊन आले; आणि त्या पुस्तकात राज्यकर्त्यासाठी प्रार्थना असल्यामुळे नाशिकच्या किंवा पुण्याच्या मराठी ख्रिस्ती माणसाला दर रविवारी गुडघे टेकून व्हिक्टोरिया राणीसाठी आशीर्वाद मागावा लागे. बायबलाच्या भाषांतराचा उद्योग याआधीच सुरू होता: विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने सिरामपूर येथे केलेला नवा करार १८११ साली मोडी लिपीत निघाला, अमेरिकन मिशनचा १८२६ साली, आणि सबंध बायबल १८४७ साली. तात्पर्य, मराठी भाषेचा प्रश्न या लोकांनी पहिल्या पन्नास वर्षांत निकालात काढला होता.

एका बाबतीत तर मराठीने मूळ भाषेवर मातच केली. इंग्रजी प्रार्थनेत देवाला उद्देशून येणारे एकवचनी सर्वनाम पुढे बोलण्यातून गळून गेले आणि केवळ देवळापुरते उरले, त्यामुळे त्याला एक जुनाट, दूरस्थ गांभीर्य आले. मराठीतला 'तू' मात्र जिवंत होता. आईला, विठोबाला आणि धाकट्या भावाला आपण ज्या शब्दाने हाक मारतो तोच शब्द मराठी प्रार्थनेत आला, आणि भाषांतरकारांच्या हातून, त्यांच्या नकळत, जवळीक साधली गेली.

पण गायनात त्यांचा पुरता पाडाव झाला. इंग्रजी स्तोत्राची चाल स्वराघातावर उभी असते. ठरावीक अक्षरावर जोर पडतो आणि ओळ आठ-सहा-आठ-सहा अशा अक्षरांच्या मापाने चालते. मराठी कवितेचा प्राण लघुगुरूंत किंवा मात्रांत, आणि ओवी-अभंगांच्या बाबतीत चरणांच्या सैल डौलात. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की जोर नेमका लघू अक्षरावर येतो, 'प्रभु'मधला 'प्र' नको तितका ताणला जातो, प्रत्यय मुख्य होतो आणि शब्द गौण. व्याकरणाला त्यात दोष सापडणार नाही, कानाला मात्र एकही शब्द ओळखू येणार नाही. रविवारी सकाळी ही स्तोत्रे गाणाऱ्या मंडळीच्या शेजारच्या गल्लीत त्याच वेळी काकडआरती चालू असे. आपण कोणत्या मुलखात आहोत हे त्या मंडळीला विसरावयास लावण्याचे सामर्थ्य त्या चालींत होते. ज्यांची मिस्सा लॅटिन होती त्यांनी लोकांना ओवी दिली आणि ज्यांची उपासना मराठी होती त्यांनी लोकांना परदेशी चाल दिली, असा हा विचित्र हिशेब आहे.

एवढे असूनही मिशनरी उपासनेत एक गोष्ट अशी होती की जिने प्रवचनांहून अधिक काम केले. प्रभुभोजनाचा पेला एक होता. ब्राह्मण, मराठा आणि महार कुळांतून आलेल्या माणसांनी एका पंक्तीस एकाच पात्राला ओठ लावावयाचे, हा विधी अहमदनगरच्या मंडळीत जितका बोलका होता तितका तो ल्यूथरच्या जर्मनीत कधीच नव्हता. तेथे पेला सामान्य जनांस परत मिळाला हा पाद्र्यांविरुद्धचा विजय होता, येथे तो जातीविरुद्धचा होता. पुढे अमेरिकेत आरोग्याच्या कारणाने लहान लहान स्वतंत्र पेले निघाले आणि ते इकडेही आले. सोय झाली खरी, पण त्या विधीचा येथला अर्थ पातळ झाला असे मला वाटते. 'भाकर' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. मराठी बायबलात प्रभूने भाकर मोडली असे आहे, आणि वऱ्हाडी माणसाला भाकर म्हणजे ज्वारीची हेच ठाऊक. प्रत्यक्ष मेजावर मात्र बेकरीचा पाव येई आणि द्राक्षारस न मिळाल्यास मनुका भिजवून काढलेले पाणी. भाषांतराने जी वस्तू घरात आणली ती विधीने पुन्हा दाराबाहेर ठेवली.

चालीच्या बाबतीत पहिले धाडस अहमदनगरच्या देशी ख्रिस्ती मंडळीने केले. अमेरिकन मिशनच्या परिवारातील कवी कृष्णरत्न सांगळे आणि त्यांचे सोबती यांनी १८६० नंतरच्या दशकात कीर्तनाचा साचा उचलला. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात आख्यान, मधून साकी-दिंडी, हाती चिपळ्या व झांज, आणि आख्यान उधळ्या पुत्राचे. काही मिशनऱ्यांना यात मूर्तिपूजेचा वास आला, काहींनी त्याचे स्वागत केले. श्रोत्यांनी मात्र रात्र रात्र बसून आपला कौल दिला. याच सुमारास, १८६७ साली, मुंबईत प्रार्थना समाज निघाला, आणि त्याची साप्ताहिक उपासना नीट पाहिली तर तिची बांधणी सरळ सरळ प्रॉटेस्टंट देवळातून घेतलेली दिसते: ठरलेल्या वारी जमणे, पद, प्रार्थना, उपदेश, पुन्हा पद. पण त्या साच्यात रानडे-भांडारकरांनी तुकोबांचे अभंग ओतले. ही देवघेव पुढे चालू राहिली; १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्रायल समाजानेही मराठी कीर्तने रचून आपल्या पूर्वजांच्या कथा लावल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी माणूस कोणत्याही देवाचे असो, सामुदायिक भजन कसे असावे याचा शोध घेत होता, आणि प्रत्येकजण शेजाऱ्याच्या अंगणातून काही तरी उचलून आणत होता.

या शोधाला ज्या एका पुरुषाने पूर्णता आणली ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातला. परंतु त्यांच्या आयुष्याचे वळण विदर्भाच्या भूमीत पडले. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथकार्य करणारे हे संस्कृतज्ञ १८९३ साली राजनांदगावकडे निघाले असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, ही हकीकत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे घरोघरी पोहोचली आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९०४ साली ते दीक्षित पाळक झाले, आणि १९१९ च्या मे महिन्यात वारले. या चोवीस वर्षांत त्यांनी शेकडो गीते व अभंग रचले आणि मराठी मंडळ्यांचे गायनपुस्तक मुळापासून बदलून टाकले; आज 'उपासना संगीत' उघडले तर पानोपानी त्यांचेच हात दिसतात.

टिळकांचे कार्य आशयाच्या देशीकरणाचे होते असे सामान्यतः सांगितले जाते, आणि ते तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले हे खरेच आहे. पण माझ्या दृष्टीने त्यांचा मोठेपणा कारागिराचा आहे. कीर्तन मंडळीला ऐकावयास बसविते. तेथे गाणारा एक आणि ऐकणारे अनेक, मंडळीच्या वाट्यास धृपदापुरता स्वर. इंग्रजी स्तोत्र सर्वांना गावयास लावते, पण परक्या गळ्याने. अभंगाने ही दोन्ही व्यंगे एकदम दूर होतात, कारण सहा-सहा-सहा-चार अशा त्याच्या अक्षरांच्या सैल चौकटीत निरक्षर बाईलाही दुसऱ्यांदा ऐकताच सूर धरता येतो आणि शब्द स्वतःचे वजन राखून राहतात. टिळकांनी हे नेमके ओळखले. अभंग, ओवी, आरती, आर्या, पदे, मुलांसाठी बालगीते, एवढेच नव्हे तर रंगभूमीमुळे घरोघरी पोहोचलेल्या चालीही त्यांना वर्ज्य नव्हत्या. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून ओळखीच्या गाण्याचा निर्देश करण्याची मराठी रीत ख्रिस्ती गायनपुस्तकात बसली ती सहजगत्या बसली. विटेनबर्गच्या संन्याशाने १५२० नंतर जे मागितले होते ते मराठीत चारशे वर्षांनी मिळाले, आणि देणारा मनुष्य मिशनचा नोकर राहण्यास अखेरीस राजी नव्हता: १९१७ साली मिशन सोडून टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही बसू शकत. हा दरबार त्यांच्या मृत्यूनंतर टिकला नाही. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे करून १९३८ साली, त्यांच्याही पश्चात, प्रसिद्ध झाले. अक्षरओळखही अपुरी असलेल्या बाईने ओवीची सूत्रे हाती घ्यावीत हे महदाइसेच्या मुलखातील वाचकाला नवलाचे वाटू नये.

पंडिता रमाबाईंचा मार्ग याहून भिन्न होता. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सबंध बायबलाचे भाषांतर चालविले, आणि ते करताना हिंदू धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. तळच्या बाईला समजावी अशी साधी मराठी त्यांना हवी होती. १९२२ च्या एप्रिलात त्या निवर्तल्या, आणि मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांनी जुळविलेले ते पुस्तक १९२४ साली बाहेर पडले. टिळकांना परंपरेच्या शब्दांत व चालीत ख्रिस्त ओतावयाचा होता, रमाबाईंना त्याच शब्दांपासून सावध राहावेसे वाटत होते. दोघेही संस्कृतात पारंगत, दोघेही ब्राह्मण कुळातले, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या ठिकाणी खरे. उपासनेच्या दृष्टीने मुक्तीची अधिक दूरगामी देणगी निराळीच आहे. १९०५ च्या जून महिन्यात तेथे जे पुनरुज्जीवन झाले त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, रात्री जागवू लागल्या; छापील प्रार्थना आणि पाळकाने केलेली प्रार्थना या दोन्हींच्या जागी सर्वांची एकदम प्रार्थना आली.

वऱ्हाडातील उपासनेला हेच वळण मानवले. येथे राजमान्य इंग्रजी मंडळीचे प्रस्थ लष्करी छावण्या आणि मुलकी अंमलदार यांच्यापलीकडे फारसे गेले नाही. येथे काम केले ते अकोला, खामगाव, अमरावतीकडे अलायन्स मिशनने, यवतमाळकडे फ्री मेथडिस्टांनी, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन मंडळीने, आणि अचलपूर-मेळघाटात कोरकूंसाठी निघालेल्या मिशनने; आणि यांतील बहुतेकांचा पिंड अमेरिकेतील पवित्रता चळवळीचा. विधिग्रंथ, वेदी, झगे, ठरलेले सणवार यांची त्यांना आस्था नव्हती. गाणे, साक्ष, दीर्घ प्रार्थना, संदेश आणि शेवटी पुढे येण्याचे आवाहन, एवढ्यात उपासना पुरी होई. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली मुले अकोला-खामगावच्या अनाथालयांत वाढली, तीच पुढे मंडळ्यांचा कणा झाली, आणि त्यांच्या तोंडी अमेरिकन पुनरुज्जीवनगीतांची भाषांतरे व टिळकांचे अभंग दोन्ही शेजारी शेजारी बसले. यवतमाळ येथे १९५३ साली निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास गेली. तोवर देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील विद्यार्थी वऱ्हाडच्या उन्हात तीन-तीन वर्षे काढून, इथल्या मंडळ्यांची ही साधी उपासना पाहून गेले.

पश्चिमेकडे, पुण्या-मुंबईच्या बाजूस, विधिग्रंथाच्या अंगानेही प्रयत्न झाले. टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो या अँग्लिकन पाळकाने १९२० साली भारतासाठी स्वतंत्र उपासनाविधी असावा अशी मागणी करणारा ग्रंथ काढला, आणि क्रॅन्मरऐवजी पूर्वेकडील सुरियानी परंपरेचा आधार घेऊन रचलेला विधी १९२३ साली मुंबई धर्मप्रांतात मान्य झाला. कल्पना अशी की, आपण आशियाई आहोत तर आपला विधीही आशियाई असावा. कल्पना उदात्त होती. परंतु अहमदनगरच्या शेतकऱ्याला कँटरबरी जितके परके तितकेच अँटिओक, हे तिच्या पुरस्कर्त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपूरच्या ऑल सेंट्स कथीड्रलमध्ये सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा पुस्तकाने प्रार्थना करणारे आणि पुस्तकाविना करणारे एका छताखाली आले. युरोपात ज्या मतभेदापायी देवळांत दंगली झाल्या, तो नागपुरात एका सकाळी समजुतीने मिटला. एक तर इकडच्या माणसांनी ती भांडणे कधी आपली मानलीच नव्हती, आणि दुसरे म्हणजे दोन्ही बाजूंच्या मंडळ्या फार पूर्वीपासून तीच पदे गात होत्या.

रोमन मंडळीत हा बदल वरून आला आणि म्हणूनच झपाट्याने आला. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६३ च्या ४ डिसेंबरला उपासनाविषयक ठराव संमत करून देशभाषेचे दार उघडले, आणि १९६९ च्या आगमनकाळापासून नवा मिस्साग्रंथ लागू झाला. स्टीफन्सची ओवी उंबऱ्याबाहेर उभी होती तिला आत येण्यास ३४७ वर्षे लागली. त्याच १९६९ साली भारतातील बिशपांच्या विनंतीवरून रोमने बारा बाबींना मान्यता दिली: अनवाणी येणे, खाली बसणे, गुडघे टेकण्याऐवजी पंचांग प्रणाम किंवा हात जोडणे, समया, पुष्पे, आरती. ही यादी वाचून हसू येते, कारण यांपैकी निम्म्या गोष्टी वऱ्हाडच्या खेड्यातील गरीब प्रॉटेस्टंट मंडळ्या कोणाचीही परवानगी न घेता करीत आल्या आहेत. बाके विकत घ्यावयास पैसा नसल्यामुळे लोक सतरंजीवर बसत, पायताणे दाराशी राहत, बायका पदर डोक्यावर घेत. शहरांतील कित्येक कॅथलिकांनी मात्र या बारा बाबींना हिंदूकरण म्हणून कडाडून विरोध केला. वसईने मराठी मिस्सा मनापासून स्वीकारली, आणि त्याच परंपरेतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आले. १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतातही आज मराठी मिस्सा ही नित्याची गोष्ट आहे.

ज्या काळात ख्रिस्ती मंडळ्या आपली चाल शोधीत होत्या त्याच काळात याच अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराजांनी मोझरीस १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारून सामुदायिक प्रार्थनेचा पाठ घालून दिला: ठरलेली वेळ, ओळीत बसणे, सर्वांनी मिळून म्हणावयाचे ठरलेले शब्द, आणि खंजिरीवर भजन. मोर्शीकडच्या गावांत संध्याकाळी ती प्रार्थना ऐकू येते तेव्हा उपासनाशास्त्राचा अभ्यासक चकित होतो, कारण पुस्तकी विधी आणि उत्स्फूर्त गायन यांचा जो मेळ युरोपला पाच शतके नीट साधला नाही तो येथे कोणी वाद न घालता साधलेला असतो. येथे कोणी कोणाचे अनुकरण केले असे मला सुचवावयाचे नाही. पण एकाच हवेत वाढलेली झाडे असतात.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुन्हा चाल बदलते आहे. पेटी-तबल्याच्या जागी कीबोर्ड आणि गिटार आले, पडद्यावर अक्षरे आली, आणि गाणी पुष्कळदा हिंदी. तरुण मुलांना ती मोबाइलवरून पाठ असतात. यात दुःख मानण्याचे कारण नाही, कारण ल्यूथरनेही बाजारातल्या ओळखीच्या वळणांचा तिरस्कार केला नव्हता; मात्र ज्या मंडळीला आपली चाल मिळवावयास शंभर वर्षे लागली तिने ती बदलताना निदान ती कशी मिळाली हे जाणावे. वऱ्हाडातल्या एका लहानशा देवळात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. पाळकांनी पदाचा क्रमांक पुकारला, पुस्तकांची पाने चाळली गेली, आणि पेटीवर बसलेल्या गृहस्थांनी भात्यावर हात ठेवून मान वर करून विचारले, "कोणत्या चालीवर?" त्या पदाला दोन चाली रूढ होत्या, एक विलायती व एक देशी. पाळक उत्तर देण्यापूर्वीच मागच्या सतरंजीवरून एका म्हातारीने सूर धरला, आणि पेटीवाल्यांनी मुकाट्याने पट्टी शोधली.